शिराळ्याच्या पठारावरील वारा : दिव्यांसाठी की विहिरीसाठी?

शिराळा तालुक्यातील गुढे-पाचगणीच्या पठारावर उभ्या असलेल्या पवनचक्क्या आता सर्वांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. (ही पाचगणी महाबळेश्वराजवळची नव्हे, हे परगावच्या वाचकांसाठी सांगितलेले बरे.) तशाच पवनचक्क्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात वनकुसवडे, चाळकेवाडी आणि ठोसेघरच्या पठारांवरही आहेत. पठाराखालच्या शेतात काम करणाऱ्या शेतकऱ्यास ही प्रचंड पाती फिरताना दिसतात, आणि जो वारा एवढी अवजड पाती फिरवितो तो आपल्या विहिरीवरचा पंप का चालविणार नाही, असा प्रश्न त्याच्या मनात येणे अगदी स्वाभाविक आहे. ग्रामसभेत आणि शेतकरी मेळाव्यांतून हा प्रश्न वारंवार विचारला जातो. कर्ज काढून लहान पवनचक्की घ्यावी काय, असा सल्लाही काही जण मागतात. म्हणून या विषयाची थोडी सविस्तर चर्चा येथे करीत आहोत.

उत्तर आधीच सांगून टाकावयाचे तर असे : आपल्या तालुक्यातील वारा पठारावरील वाड्यांचे दिवे पावसाळ्यात लावू शकतो, खोऱ्यातील विहिरीचे पाणी उन्हाळ्यात उपसणे मात्र त्याच्याने होण्यासारखे नाही. असे का, हे समजण्यासाठी प्रथम थोडे गणित पाहावे लागेल.

वाऱ्यातील शक्ती

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याची शक्ती दुप्पट होत असावी असे आपणांस वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट, आणि वेग तिप्पट झाला तर शक्ती सत्तावीसपट होते. आपल्या पठारासारख्या उंच जागी हवा थोडी विरळ असते. तेथे सेकंदास ३ मीटर (ताशी सुमारे ११ किलोमीटर) वेगाचा वारा वाहत असेल, तर एक चौरस मीटर क्षेत्रातून जाणाऱ्या वाऱ्यात अवघी १५ वॅट शक्ती असते. वेग ६ मीटर झाला की ती सुमारे १२० वॅट होते, आणि ९ मीटर झाला की सुमारे ४०० वॅट होते.

ही सर्व शक्ती काढून घेता येत नाही. सगळी काढून घेतली तर वारा पात्यांपाशीच थबकेल आणि मागून येणाऱ्या वाऱ्यास वाट उरणार नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९२० च्या सुमारास गणिताने दाखवून दिले की, कितीही उत्तम यंत्र केले तरी वाऱ्यातील शक्तीपैकी १०० पैकी ५९ भागांहून अधिक शक्ती मिळू शकत नाही. लहान यंत्रांच्या बाबतीत, पाती, जनित्र आणि तारा यांतील घट वजा जाता, चौथा हिस्सा हाती लागला तरी पुष्कळ म्हणावयाचे. या हिशेबाने २ मीटर व्यासाच्या पात्यांची पवनचक्की सेकंदास ३ मीटर वाऱ्यात कशीबशी १२ वॅट, ६ मीटर वाऱ्यात सुमारे ९० वॅट आणि ९ मीटर वाऱ्यात ३०० वॅटच्या वर शक्ती देईल. म्हणून विक्रेता जेव्हा 'ही एक किलोवॅटची चक्की आहे' असे सांगतो, तेव्हा 'किती वाऱ्यात?' हा प्रश्न त्यास प्रथम विचारावा. यंत्रावर लिहिलेली क्षमता बहुधा सेकंदास १० मीटर किंवा त्याहून जोराच्या वाऱ्यातील असते, आणि तसा वारा शेताच्या बांधावर वर्षातून किती तास मिळतो हे शेतकऱ्याने स्वतःच ठरवावयाचे असते.

पठार आणि खोरे यांतील भेदही यावरून ध्यानात येईल. अरबी समुद्रावरून येणारा नैर्ऋत्येचा वारा सह्याद्रीच्या कड्यावर आदळून वर चढतो आणि माथ्यावरून जाताना दाटून वेगवान होतो. तोच वारा वारणेच्या किंवा मोरणेच्या खोऱ्यात उतरला की झाडे, घरे, उसाची उभी पिके यांना अडखळत मंद होतो. माथ्यावरचा ६ मीटरचा वारा खोऱ्यात ३ मीटरचा झाला, तर शक्ती निम्मी होत नसून आठवा हिस्सा उरते. पठारावरच्या मोठ्या पवनचक्क्या उंच मनोऱ्यावर का बसवितात, याचेही कारण हेच आहे.

वारा आणि विहीर यांची चुकामूक

आता विहिरीकडे वळू. वाऱ्यावर पाणी उपसण्याची कल्पना जुनी आहे आणि आपल्या देशात ती मनापासून करून पाहण्यात आली आहे. १९६० च्या दशकात बंगळूर येथील राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने पुष्कळ पात्यांची, पाणी उपसणारी पवनचक्की तयार केली. पुढे १९८० च्या दशकात ५ मीटर व्यासाच्या, बारा पात्यांच्या पवनचक्क्या केंद्र शासनाच्या प्रोत्साहनाने अनेक राज्यांत बसविण्यात आल्या. त्यांतील कित्येक देखभालीअभावी बंद पडल्या. पंपाचे चामडी वायसर झिजले, दट्ट्याची सळई तुटली, तेलपाणी कोणी केले नाही, आणि दुरुस्ती जाणणारा मिस्त्री पंचक्रोशीत नव्हता.

परंतु शिराळ्यात अडचण केवळ देखभालीची नाही. समजा, १० मीटर (सुमारे ३३ फूट) खोल विहिरीवर ५ मीटर व्यासाची अशी चक्की बसविली. सेकंदास ३ मीटर वारा सतत मिळाला, तर ती तासाला साधारण २,००० लिटर पाणी वर काढील. दहा तास असा वारा मिळाल्यास २०,००० लिटर. वीस गुंठे भाजीपाल्यास उन्हाळ्यात दररोज सुमारे १०,००० लिटर पाणी लागते, तेव्हा हे पाणी पुरून उरेल असे कागदावर दिसते. पण याच चक्कीस २ मीटरचा वारा मिळाला तर शक्ती तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होते आणि चक्की बहुधा जागची हलत नाही.

आपल्याकडील वाऱ्याचा हंगाम मे ते सप्टेंबर हा आहे. जून लागला की पठारावर वारा घोंगावू लागतो, आणि त्याच वेळी पाऊसही कोसळू लागतो. भातखाचरे तुडुंब भरलेली, विहिरी काठोकाठ आलेल्या. अशा वेळी पाणी उपसून करावयाचे काय? ऑक्टोबरपासून वारा पडतो. हिवाळ्यात पूर्वेकडील मंद वारे वाहतात. मार्च-एप्रिलमध्ये दुपारनंतर पश्चिमेचा वारा उठतो खरा, पण खोऱ्यात तो दोन-तीन तासांत विरून जातो. उसाला आणि भाजीपाल्याला पाण्याची निकड असते ती नेमकी याच महिन्यांत. वारा येतो तेव्हा पाणी नको असते, आणि पाणी हवे असते तेव्हा वारा नसतो. या चुकामुकीवर यंत्राच्या सुधारणेने उपाय निघत नाही, आणि म्हणून शिराळ्याच्या खोऱ्यात पाणी उपसण्यासाठी पवनचक्की घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग पठारावरील मोठ्या पवनचक्क्यांना ही अडचण का येत नाही? कारण त्यांची वीज साठवावी लागत नाही. ती विजेच्या जाळ्यात जाते आणि जेथे त्या घटकेस गरज असेल तेथे वापरली जाते. पावसाळ्यात वाऱ्याची वीज जाळ्यात आली म्हणजे तेवढी वीज अन्यत्र कमी निर्माण करावी लागते. कोळसा वाचतो, किंवा कोयनेसारख्या जलाशयातील पाणी राखून ठेवता येते. भारतात जाळ्यास जोडलेल्या पवनचक्क्यांचा आरंभ १९८६ मध्ये रत्नागिरी, ओखा आणि तुतिकोरीन येथे ५५ किलोवॅटच्या लहान यंत्रांनी झाला. त्यांत आपल्या कोकणचा वाटा होता हे अनेकांस ठाऊक नसते.

उन्हाळी पाण्यासाठी सूर्याचा आधार घ्यावा हे अधिक शहाणपणाचे आहे. मार्च ते मे या महिन्यांत ऊन कडक आणि पाण्याची गरजही मोठी, असा येथे मेळ बसतो. केंद्राच्या २०१९ च्या पीएम-कुसुम योजनेतून आणि राज्य शासनाच्या २०२४ च्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून असे पंप देण्याची तरतूद झाली. राज्याच्या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींतील शेतकऱ्याचा ५ टक्के ठेवण्यात आला. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, त्यापुढे पाच एकरांपर्यंत ५ आणि त्याहून अधिक जमिनीस ७.५ अश्वशक्ती असे प्रमाण ठरविले गेले. अर्ज करण्यापूर्वी चालू अटी कृषी सहायकांकडून अथवा महावितरणच्या कार्यालयातून समजून घ्याव्यात.

समुद्राची भरती आणि डोंगरातील ओढे

भरती-ओहोटीवर आणि लाटांवर वीज होते असे वाचून काही तरुण शेतकरी त्याविषयीही विचारतात. होते, हे खरे आहे. फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखाशी १९६६ पासून २४० मेगावॅटचे केंद्र भरतीच्या पाण्यावर चालते. दक्षिण कोरियात सिह्वा येथे २०११ मध्ये २५४ मेगावॅटचे केंद्र सुरू झाले. परंतु भरती-ओहोटीतील अंतर दुप्पट असेल तर तेवढ्याच खाडीतून चौपट शक्ती मिळते, म्हणून हे काम मोठ्या भरतीच्या जागीच परवडते. रान्सला हे अंतर सरासरी ८ मीटर आहे. खंबायतच्या आखातात मोठ्या उधाणाला ते याहूनही मोठे होते. मुंबईस मोठ्या उधाणाला ते सुमारे ५ मीटर होते, भांगाच्या भरतीला बरेच उतरते, आणि दक्षिणेस मालवणकडे जावे तसे आणखी कमी होते. लाटांवरचा एक प्रयोग केरळात विळिंजम येथे १९९१ मध्ये १५० किलोवॅट क्षमतेच्या संचाने झाला. वर्षभरातील लाटांच्या चढउतारामुळे वीज एकसारखी मिळणे कठीण, हा त्याचा मुख्य धडा. घाटावरच्या शेतकऱ्याने या गोष्टींची माहिती अवश्य ठेवावी, परंतु त्यांवर पैसा किंवा आशा गुंतवू नये.

आपल्या जवळची जलशक्ती निराळी आहे. चांदोली येथे वारणा धरणाच्या पायथ्याशी १६ मेगावॅटचे वीजगृह आहे, ते सर्वांस ठाऊक आहे. पण पठाराच्या उतारावरून पावसाळ्यात आणि त्यानंतरही काही महिने वाहणारे ओढे आपण विसरतो. सेकंदास १० लिटर पाणी नळातून २० मीटर खाली आणले, तर लहान जलचक्कीवर सुमारे एक किलोवॅट वीज दिवसरात्र मिळू शकते. एक किलोवॅट दिवसरात्र म्हणजे चोवीस युनिटे; एवढी वीज लहान पवनचक्की चांगल्या वाऱ्याच्या दिवशीही क्वचितच देईल. ज्या वाडीच्या डोक्यावर असा ओढा आहे, तिने वाऱ्याआधी पाण्याचा विचार करावा. पश्चिम भागातील काही ओढे वनक्षेत्रातून वाहतात. २००४ मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प घोषित झाला असल्याने, तेथे नळ टाकण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घेणे अनिवार्य आहे.

पठारावरील दिवे

आता ज्या कामी वारा खरोखर उपयोगी पडेल ते काम पाहू. पावसाळ्यात पठारावरील वाड्यांची मोठी अडचण अंधाराची असते. झाडे तारांवर पडतात, खांब वाकतात, धुके आणि पावसामुळे दुरुस्तीस माणसे पोचू शकत नाहीत, आणि वाडी दिवसचे दिवस अंधारात राहते. सर्पदंशाचा धोकाही याच काळात अधिक असतो. नागपंचमीच्या या तालुक्यात हे वेगळे सांगावयास नको. गोठ्यात आणि अंगणात रात्री दिवा असणे ही येथे चैन नसून जिवाच्या रक्षणाची बाब आहे.

सौर दिवे या कामी अपुरे पडतात ते नेमके याच महिन्यांत. मार्चमध्ये २०० वॅटचे पॅनेल दिवसाला पाऊण युनिटाच्या आसपास वीज देते. जुलैच्या दाट ढगांत ती चौथ्या हिश्श्यावर येऊ शकते, आणि झड लागली की त्याहूनही खाली जाते. वारा मात्र त्याच वेळी जोरात असतो. ऊन आणि वारा यांची ही पाळी परस्परांस पूरक आहे, म्हणून पवनचक्की आणि सौर पॅनेल एकाच बॅटरीस जोडलेला संकरित संच पठारावर उचित ठरतो. केंद्र शासनाच्या एका योजनेखाली असे संच देशात बसविले गेले, त्यांतील मोठा वाटा महाराष्ट्रात महाऊर्जा संस्थेच्या मार्गदर्शनाखाली आला. अनुदानाच्या योजना बदलत असतात. अनुदान मिळेलच असे गृहीत धरून हिशेब करू नये.

एका घराचा हिशेब असा. ९ वॅटचे चार दिवे पाच तास, मोबाइल आणि रेडिओ मिळून दिवसाला पाव युनिट वीज पुरते. एवढ्यासाठी पवनचक्की घेणे आम्हांस योग्य वाटत नाही. पॅनेल एकाऐवजी दोन घेतले आणि बॅटरी थोडी मोठी ठेवली, तर तेवढ्याच कामास खर्च कमी येतो, आणि फिरणारे यंत्र नसल्याने कटकटही कमी. पवनचक्कीचा विचार वाडीने मिळून करावा. वीस घरे, शाळा आणि दूध संकलनाची खोली यांना मिळून सहा-सात युनिटे लागतील. ५ मीटर व्यासाची, सुमारे ३ किलोवॅटची चक्की सेकंदास ६ मीटर वाऱ्यात दहा तासांत जवळजवळ सहा युनिटे देते. घट आणि वाऱ्याचे खंड पॅनेलांनी भरून काढावेत. एकत्र घेतल्याने देखभालीसाठी एक तरुण शिकवून तयार करता येतो, आणि आमच्या मते यंत्राच्या किमतीपेक्षाही ही बाब महत्त्वाची आहे. डेन्मार्कमध्ये पॉल ला कूर या शिक्षकाने आस्को येथील लोकशाळेत १८९१ मध्ये पवनविद्युत-यंत्र उभारले, आणि पुढे खेड्यांतील तरुणांना त्या तंत्राचे शिक्षण दिले. १९१८ पर्यंत त्या लहानशा देशात सुमारे १२० स्थानिक वीजकेंद्रांवर २० ते ३५ किलोवॅटच्या पवनचक्क्या चालू होत्या. शिकलेला माणूस गावातच असला म्हणजे यंत्र टिकते, हे तेथे दिसून आले. आपल्या बारा पात्यांच्या चक्क्यांना तेच मिळाले नाही.

जागेची निवड आणि मनोरा

पैसे भरण्यापूर्वी निदान एक वर्ष वाऱ्याची नोंद ठेवावी. उपकरण नसले तरी चालेल. धूर सरळ वर न जाता कलला, पण पाने क्वचितच हलली, तर वारा १ ते २ मीटरचा समजावा. पाने सतत हलत असतील आणि काठीवरचा हलका कपडा ताठ उडत असेल, तर वेग सेकंदास साधारण साडेतीन ते साडेपाच मीटर. धूळ उडून लहान फांद्या हलू लागल्या की साडेपाच ते आठ मीटर. लहान झाडे डोलू लागली की त्याहून अधिक. सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशा तीन नोंदी वहीत कराव्यात. शाळेतील मुलांकडून हे काम उत्तम होते. झाडांकडेही लक्ष द्यावे. पठाराच्या उघड्या कडेवरील झाडांचे शेंडे पूर्वेकडे कायमचे कललेले असतील, तर पश्चिमेचा वारा तेथे वर्षानुवर्षे जोराने वाहतो असे समजण्यास हरकत नाही. ज्या जागी झाडे सर्व बाजूंनी सारखी वाढलेली आहेत, ती जागा पवनचक्कीची नव्हे.

चक्कीच्या पात्यांचे खालचे टोक १०० मीटरच्या परिघातील झाडे, घरे यांच्या शेंड्यांहून निदान ९ मीटर उंच असावे. घराच्या छपरावर चक्की कदापि बसवू नये. तेथे वारा गिरक्या घेतो, पाती हादरतात, आणि भिंतींना तडे जातात. मनोऱ्यास तारांचे तणावे द्यावेत व त्यांचे खुंट मऊ मातीत न रोवता कातळात भोक पाडून सिमेंटने पक्के करावेत. जांभ्याच्या सड्यावर वरचा थर कठीण आणि आतील भाग भुसभुशीत असू शकतो, म्हणून भोक घेताना खालून काय निघते ते पाहावे. गुरे तणाव्यांस अंग घासतात, यासाठी भोवती काटेरी कुंपण करावे. माथ्यावर विजा पडतात. वीजवाहक सळई आणि जमिनीत नीट पुरलेली आर्थिंगची पट्टी यांवाचून मनोरा उभा करणे धोक्याचे आहे.

बॅटरी हा संचातील नाजूक भाग होय. ती निम्म्याहून अधिक रिकामी होऊ देऊ नये, पाण्याच्या बॅटरीत दर महिन्यास शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी भरावे, आणि ती हवेशीर खोलीत, चुलीपासून दूर ठेवावी. वादळाची चिन्हे दिसताच पाती ब्रेक लावून थांबवावीत. ब्रेक कसा लावावा हे वाडीतील निदान दोघांस ठाऊक असले पाहिजे, कारण शिकलेला माणूस नेमका त्या दिवशी शिराळ्याच्या बाजारास गेलेला असतो. मनोरा उभारण्याचे काम वारा मंद असताना, जानेवारी-फेब्रुवारीत करावे. एप्रिलअखेर सर्व नटबोल्ट आणि तणावे पुन्हा आवळून घ्यावेत, म्हणजे वळवाच्या पहिल्या वावटळीस मनोरा तयार असेल.